लकव्यानंतर नसांची तपासणी: आधी चांगला हात तपासा

लातूरला आमच्या लॅबमध्ये लकव्याचा पेशंट आला की सोबतच्या माणसाचा प्रश्न ठरलेला: "करंट देऊन हात चालू करायलेत का?" नाही. ही तपासणी आहे, उपचार नाही. पेशंटला झोपवायच्या आधीच हे सांगा, नाहीतर गावाकडं "करंट दिला तरी फरक नाही" अशी बोंब होते.

नवीन टेक्निशियनला मी आधी मशीनला हात लावू देत नाही. पेशंटला डोळे मिटायला सांगा, त्याचा अंगठा वर-खाली करा आणि कुठं आहे ते विचारा. वाचा गेलेली असेल तर हे कळणार नाही. तिथंच एसएसईपी, म्हणजे स्पर्शाचा संदेश मेंदूपर्यंत पोचतो का ते बघायची तपासणी, खरी कामाला येते. मनगटापाशी मीडियन नसेला बारीक करंट द्यायचा आणि संदेश मेंदूपर्यंत किती वेळात पोचतो ते बघायचं.

अपॉइंटमेंट देतानाच केस धुऊन, तेल न लावता यायला सांगा. तरी चापून तेल लावलेलंच डोकं येतं. मग कापसानं पुसा, त्वचा नीट घासा, इम्पीडन्स, म्हणजे त्वचा आणि तिथं चिकटवलेला इलेक्ट्रोड यांच्यातला विजेचा अडथळा, 5 किलोओहमच्या आत आणा. न हालणारा हात गार पडलेला असतो, आणि गार नसेत संदेश सावकाश जातो. शाल गुंडाळून ऊब द्या. गरम पाण्याची पिशवी मात्र नको. बधिर हात भाजला तरी पेशंटला कळत नाही.

आता चांगला हात आधी. तुलना त्याच्याशीच करायची आहे, शिवाय पेशंटची भीतीही जाते. कॅथोड (करंट देणाऱ्या दोन टोकांतलं ऋण टोक) कोपराच्या बाजूला ठेवा. अंगठा जरासा उडेल इतपत करंट, सेकंदाला तीन ते पाच वेळा. किमान 500 प्रतिसादांची सरासरी घ्या आणि सगळं पुन्हा एकदा करा. पडद्यावरच्या दोन्ही वेळच्या लहरी एकमेकींवर बसल्या नाहीत तर ती लहर धरूच नका. "मावशी, दात आवळू नका, जबडा सैल सोडा," हे मी दिवसभर म्हणत असते. मोबाइलचा चार्जरही प्लगमधून काढा, त्यानंही लहरीत गडबड होते.

मोठ्या माणसात कॉलरबोनच्या वर साधारण 9 मिलिसेकंदांना, मानेवर 13 च्या आसपास आणि उलट बाजूच्या डोक्यावर 20 च्या आसपास लहर दिसते. शेवटच्या लहरीला एन20 म्हणतात. खालच्या दोन्ही आहेत आणि एन20 नाही, तर अडथळा मानेच्या वर आहे. पण कॉलरबोनचीच लहर नसेल तर लकव्यावर ढकलू नका. इलेक्ट्रोड सुटलाय का, शुगर किती वर्षांपासून आहे, खांदा निखळून नस ताणली गेलीय का, ते बघा. अशा वेळी साधी नर्व्ह कंडक्शन टेस्टही करावी लागते.

हालचालीचा हुकूम मेंदूकडून हाताकडं जाणारा रस्ता टीएमएस या चुंबकाच्या तंत्रानं तपासतात. हे तंत्र अँथनी बार्कर यांनी 1985 मध्ये शेफील्डला दाखवलं. डोक्यावरच्या कॉइलनं चुंबकीय ठोका द्यायचा, हाताच्या स्नायूत 50 मायक्रोव्होल्टचा तरी प्रतिसाद येतो का ते बघायचं. आधी फिट, पेसमेकर, कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकण्यासाठी कानात बसवलेलं यंत्र) आणि ऑपरेशनमध्ये डोक्यात बसवलेली धातूची क्लिप यांची चौकशी करा आणि डॉक्टरांना कळवा. न्यूझीलंडमध्ये तयार झालेल्या प्रेप2 या, हात कितपत सुधारेल याचा अंदाज घ्यायच्या पद्धतीत लकव्यानंतर तिसऱ्या दिवशी खांदा उचलणं आणि बोटं उघडणं यांना मिळून 10 पैकी 5 किंवा जास्त गुण असतील तर टीएमएस लागतच नाही. कमी असतील तर पहिल्या आठवड्यात करतात, आणि प्रतिसाद आला तर हात बरा कामाला येण्याची आशा असते. नाही आला म्हणून व्यायाम बंद करा असं कोणी घरच्यांना सांगू नये. ते लगेच ऐकतात.

रिपोर्टवर नुसतं 'नॉर्मल' लिहू नका. एन20 चांगली असूनही हाताची आग होणारे पेशंट येतात, कारण दुखणं आणि गरम-गार यांची वाट वेगळी आहे आणि एसएसईपी ती तपासतच नाही. म्हणून पेशंट आग होते म्हणाला तर तेही लिहा, म्हणजे डॉक्टर औषधाचा विचार करतील.