जुन्या कोडला फॉरमॅटर लावताना

पायथनच्या जुन्या प्रोजेक्टला ब्लॅक किंवा रफ हा फॉरमॅटर (कोडची मांडणी आपोआप एकसारखी करणारं साधन) लावायचाय? मग फॉरमॅटिंगचा कमिट (गिटमध्ये नोंदवलेला बदल) वेगळाच ठेवा, त्यात लॉजिकची एक ओळही नको. मी एकदा दोन्ही एकत्र ढकललं आणि गिट ब्लेममध्ये, म्हणजे कोणती ओळ शेवटी कोणी बदलली ते दाखवणाऱ्या यादीत, जिकडेतिकडे माझंच नाव! बग कोणाचाही असो, फोन मला.

ब्लेमने फॉरमॅटिंगचा कमिट वगळावा म्हणून त्याचा पूर्ण 40 अक्षरी हॅश (कमिटची ओळखखूण) रेपोच्या, म्हणजे प्रोजेक्टच्या गिट फोल्डरच्या, मुळाशी '.गिट-ब्लेम-इग्नोर-रेव्ज' (.git-blame-ignore-revs) या फाइलमध्ये टाका. हॅश कमिट मुख्य शाखेत मर्ज झाल्यावरच घ्या. स्क्वॉश केलं, म्हणजे मर्ज करताना कमिट एकात मिसळले, की तो बदलतो. गिटहब ही फाइल आपणहून वाचतं. आपल्या मशीनवर मात्र गिट कॉन्फिगमध्ये 'ब्लेम.इग्नोररेव्जफाइल'ला (blame.ignoreRevsFile) तिचं नाव द्यावं लागतं, गिट 2.23 किंवा पुढचं हवं.

नंतर प्री-कमिट हूक (कमिटच्या आधी आपोआप फॉरमॅटर चालवणारी तपासणी) बसवा. तो 'नो-व्हेरिफाय' (--no-verify) लावून कोणीही चुकवतं, म्हणून तीच तपासणी सीआयमध्येही (कोड ढकलल्यावर सर्व्हरवर आपोआप चालणाऱ्या चाचण्यांत) हवी, फॉरमॅटरच्या त्याच आवृत्तीसह.