लक्षद्वीपमधील घरगुती मुक्कामाआधी

इंदूरहून लक्षद्वीपला निघालेल्या मराठी कुटुंबांनी तेथील एखाद्या कुटुंबाच्या घरी उतरायचे ठरवले असल्यास, प्रवेश परवाना हाती येण्यापूर्वी कोचीहून आगत्ती या विमानतळ असलेल्या तेथील बेटाचे विमान तिकीट काढू नये. शाकाहारी असल्यास यजमानांना आधीच कळवावे, कारण तेथील जेवणात ट्यूना मासा व नारळ यांवर भर असतो आणि भाजीपाला बहुतांशी मुख्य भूमीवरून जहाजाने येत असल्याने ऐनवेळी मिळेलच असे नाही. इंदूरच्या सराफा या रात्रीच्या खाद्यबाजारात उशिरापर्यंत हवे ते खाण्याची सवय असलेल्यांनी तर हे मनावर घ्यावेच. प्रवाळबेटावर गोडे पाणी जमिनीखालच्या पातळ थरातच साठते, तेव्हा अंघोळ एका बादलीत आटोपावी. किनाऱ्यावरचे प्रवाळ उचलू नये. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार ते संरक्षित आहे.