एसटीपीवर नोकरी लागली असेल तर आधी पाण्याचा टीडीएस बघा

बीएस्सी केमिस्ट्री झालंय, पुण्याला जाऊन राहायची ऐपत नाही आणि कुठल्यातरी ठेकेदाराचा 'एसटीपीवर, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या प्लँटवर, ऑपरेटर पाहिजे, येता का' असा फोन आलाय, अशा पोरापोरींसाठी हे लिहितोय. घरचे नाक मुरडणार. 'एवढं शिकून गटारीवर?' हे मी अजूनही ऐकतो. पाहुण्यांसमोर आई 'पाण्याच्या प्रकल्पावर आहे' एवढंच सांगते आणि विषय बदलते. तरी घाबरू नका. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तो हाच मुलूख. इथं वापरलेलं पाणी पुन्हा वापरात आणता येणाऱ्याला काम कमी पडणार नाही. वासाचं म्हणाल, तर नीट चाललेल्या एरेशन टाकीला (जिथं सांडपाण्यात हवा सोडतात) ओल्या मातीसारखा वास येतो. सडका वास आला की हवा कमी पडतेय, हवा फुंकणारा ब्लोअर बघा.

स्क्रीन, इक्वलायझेशन (सगळं सांडपाणी आधी जमा होतं ती टाकी), एरेशन, सेटलर, सँड फिल्टर, कार्बन फिल्टर, क्लोरीन हे सगळं तुम्हाला माहीत असणार, त्यात वेळ घालवत नाही. एसव्ही-30, म्हणजे एरेशन टाकीतला गाळ कसा बसतो याची चाचणी, मात्र रोज स्वतःच्या हातानं लावा. लिटरचा सिलिंडर भरा, अर्धा तास हलवू नका, गाळ किती मिलीवर बसला ते लिहा. लॉगबुकात कालचाच आकडा उतरवणारे सिनियर भेटतील. ते चहा चांगला पाजतात, पण त्यांच्याकडून काम शिकू नका.

आता मुद्द्याचं. ज्यानं माझ्यावर नोकरी घालवायची वेळ आणली ते ना बीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) होतं, ना ब्लोअर. ते होतं मीठ.

कॅम्पस वसतिगृहांचा. बोअर खोल गेलेले, उन्हाळ्यात टँकर. व्यवस्थापनाला एकच हौस, एक थेंब बाहेर जाता कामा नये. एसटीपीचं पाणी फ्लशला, उरलेलं बागेला. रिपोर्ट एकदम फर्स्टक्लास, बीओडी 10 च्या आत, पाणी काचेसारखं. आणि मोगरा करपायला लागला. पान मधे हिरवंगार, कडेनं मात्र तपकिरी, जणू कुणी उदबत्तीनं काठ भाजून काढलाय. वाफ्यात पाणी तुंबून राहायचं, बोटभर खाली उकरलं तर माती कोरडी. साहेबांचा निकाल ठरलेला, 'क्लोरीन जास्त टाकतोस.' सांगितल्याप्रमाणं क्लोरीन कमी केलं. झाडं तशीच राहिली, वर फ्लशच्या टाक्यांना वास सुटला आणि त्याचंही खापर माझ्याच डोक्यावर. शेवटी माळीकाकांनी वाफ्याच्या काठावरची पांढरी पापडी नखानं खरवडली आणि म्हणाले, "साहेबाला सांग, जमीन चोपण व्हायलीय, खारानं घट्ट. आमच्या पट्टीत ऊस असाच गेला."

हे का होतं ते नीट समजून घ्या, कारण कुठल्याही ट्रेनिंगमध्ये यावर पाच मिनिटांच्या वर कुणी बोलत नाही. एसटीपीतले जिवाणू सेंद्रिय घाण खातात. विरघळलेल्या मिठाला ते तोंडही लावत नाहीत. सँड फिल्टर ते अडवत नाही, कार्बनही नाही. म्हणजे बोअरचं मीठ जसंच्या तसं बाहेर येतं, वर साबण, लघवी, भांड्याची पावडर यांची भर पडते. घरगुती वापराच्या एका फेरीत टीडीएस, म्हणजे लिटरमागे विरघळलेले क्षार किती मिलीग्राम ते, साधारण 150 ते 400 नं वाढतो.

आता गणित करा. समजा बोअर 1000 टीडीएसचा आणि एका फेरीची भर 300. पुनर्वापर नसेल तर सांडपाणी 1300 वर थांबतं. पण पुरवठ्यातलं 40 टक्के पाणी एसटीपीचं असेल, तर पुढच्या फेरीला 1420, मग 1468, असं चढत ते 1500 च्या आसपास स्थिर होतं. 60 टक्के फिरवलंत तर 1750. जितकं जास्त फिरवाल तितकं मीठ साठत जाणार, हा हिशोब कागदावर मांडल्याशिवाय 'शंभर टक्के पुनर्वापर' या शब्दाला मान डोलावू नका. बागेसाठी ढोबळ अंदाज असा: 450 पर्यंत काळजी नाही, 2000 पर्यंत झाड आणि जमीन बघून द्यायचं, त्याच्या पुढं देऊच नका. आपल्या काळ्या मातीत तर त्याच्या बरंच अलीकडे सावध व्हा. निचरा कमी, त्यात सोडियम बसलं की माती घट्ट होते आणि पाणी खाली उतरतच नाही.

आमच्याकडं आणखी एक मेख होती. मेसच्या आरओचं रिजेक्ट (फिल्टरनं टाकून दिलेलं खारं पाणी) आणि पाणी मऊ करणारा सॉफ्टनर धुतल्याचं मिठाचं पाणी, दोन्ही ड्रेनेजमधून माझ्याच इक्वलायझेशन टाकीत येत होती! नकाशात ती लाईनच नव्हती. मी टीडीएस मीटर घेऊन एकेक चेंबर उघडत गेलो तेव्हा सापडली. ती वेगळी काढली, वाफ्यांना माती परीक्षण करून जिप्सम दिलं, पावसाळ्यात छताचं पाणी बागेकडं वळवलं. मोगरा वाचला, लॉन गेलं. मला विचाराल तर इथं लॉन लावणं हाच गाढवपणा.

आता शॉर्टकट. 'कल्चर पावडर (जिवाणूंची पूड) टाका, प्लँट दोन दिवसांत सेट' म्हणणारे विक्रेते दर महिन्याला येतात. हवा आणि गाळ ठीक असेल तर पावडरीची गरज नसते, नसेल तर पावडरीनं काही होत नाही. 'शंभर टक्के नोकरी' देणाऱ्या सर्टिफिकेट कोर्सलाही पैसे घालू नका. त्याच पैशात मीटर आणि कॅलिब्रेशनचं द्रावण येतं.

एक गोष्ट मात्र कान उघडे ठेवून ऐका. टाकीत, वेटवेलमध्ये (सांडपाण्याच्या पंपाच्या खड्ड्यात), चेंबरमध्ये उतरायचं नाही. पंप अडकला, साहेब ओरडतोय, ठेकेदार 'दोन मिनिटांचं काम' म्हणतोय, तरी नाही. सांडपाण्यातला हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू वाढला की नाकाला वास येणंच बंद होतं, म्हणजे 'वास नाही, चला' हा अंदाज जीव घेतो. आत पडलेल्याला काढायला धावत उतरणाराही तिथंच पडतो. गॅस मीटर, ब्लोअरची हवा, हार्नेस आणि वर माणसं नसतील तर सरळ नाही म्हणा. हातानं मैला उपसण्याविरुद्ध 2013 चा कायदा आहे, त्याचं नाव घेतलं की बरेच साहेब गप्प बसतात. नोकरी गेली तर दुसरी मिळेल. मला मिळाली, पगारही थोडा बरा.

इंग्रजी कच्चं असेल तर त्याचं टेन्शन नको, पॅनलवरचे शब्द पंधरवड्यात तोंडपाठ होतात. जॉइन झाल्यावर पहिल्या आठवड्यात इतकं करा: बोअर, टँकर, इक्वलायझेशन आणि ट्रीटेड टाकी, चारही ठिकाणचा टीडीएस तारखेसह स्वतःच्या वहीत लिहा, आणि आरओ-सॉफ्टनरचं पाणी कुठं जातं ते प्लंबरला विचारा. साहेबाला विचारू नका, त्याला माहीत नसतं.