प्री-मेडसाठी कॉलेज निवडताना या चुका टाळा

अमेरिकेत बारावी, नीट आणि थेट एमबीबीएस असा रस्ता नाही. आधी चार वर्षांची पदवी (तिच्यातच मेडिकलची तयारी करणं म्हणजे प्री-मेड), मग चार वर्षांचं मेडिकल स्कूल, त्यानंतर रेसिडेन्सी (रुग्णालयातलं प्रशिक्षण). म्हणजे फी दोनदा भरायची, आणि दुसरी पहिलीपेक्षा जड. तरीही बऱ्याच घरांत ५२९ खातं (शिक्षणासाठीचं करसवलतीचं बचत खातं) पहिल्याच कॉलेजच्या नावावर रिकामं होतं. त्यातले पैसे मेडिकलच्या फीलाही चालतात, हे लक्षातच येत नाही.

ही चूक आता जास्त महाग पडते. १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना ग्रॅड प्लस, म्हणजे पदवीनंतरच्या शिक्षणाचं जादा सरकारी कर्ज नाही. मेडिकलसाठी सरकारी कर्ज वर्षाला ५०,००० डॉलर, एकूण २ लाख डॉलर, बस. अनेक खासगी मेडिकल स्कूलची नुसती ट्यूशन ६०,००० च्या वर आहे. उरलेलं खासगी कर्ज, तेही बहुधा पालकांच्या सहीवर.

छापील फी पाहून कॉलेज ठरवू नका, बादही करू नका. प्रत्येक कॉलेजच्या संकेतस्थळावर नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतो. त्यात घरचे आकडे भरा. ऑफर लेटर आलं की ट्यूशन, राहणं, जेवण, पुस्तकं यांची बेरीज करून त्यातून फक्त ग्रँट आणि स्कॉलरशिप वजा करा. कर्जही तिथे ‘मदत’ म्हणून छापलेलं असतं, ते धरू नका. स्कॉलरशिप टिकवायला किती जीपीए (ग्रेडची ४ पैकी सरासरी) लागतो तेही वाचा. अट ३.५ ची असेल, तर ऑरगॅनिक केमिस्ट्रीचं एक वाईट सेमिस्टर ती घालवू शकतं.

मेजर म्हणजे पदवीचा मुख्य विषय; त्याबद्दलचा गैरसमज आणखी जुना. ‘प्री-मेड’ हा बहुतेक ठिकाणी मेजरच नसतो. साधारणपणे लागतं ते असं: बायोलॉजी, जनरल केमिस्ट्री, ऑरगॅनिक केमिस्ट्री आणि फिजिक्स, प्रत्येकी एक वर्ष लॅबसह, बायोकेमिस्ट्रीचं एक सेमिस्टर, थोडं गणित किंवा स्टॅटिस्टिक्स आणि इंग्रजी. एवढं झालं की मेजर इतिहास असला तरी चालतो. ‘डॉक्टर नाही तर निदान इंजिनिअर’ हा आपल्याकडचा हिशोब नोकरीपुरता बरोबर आहे, पण अवघड मेजर होता म्हणून कोणी जीपीए वाढवून देत नाही. प्रवेश मिळालेल्यांचा सरासरी जीपीए ३.८ च्या आसपास असतो; तिथे इंजिनिअरिंगचा ३.३ हा ३.३ च. विषय पुन्हा घेतला तरी एएमसीएएसच्या (एमडी स्कूलना अर्ज करायच्या सामाईक सेवेच्या) अर्जात दोन्ही ग्रेड मोजल्या जातात. सायन्स आणि गणिताचा जीपीए वेगळाही काढतात. म्हणून पहिल्याच सेमिस्टरला लॅबचे तीन विषय भरू नका, दोन पुरे. एपीच्या (शाळेतच घेतलेल्या कॉलेज पातळीच्या कोर्सच्या) क्रेडिटवर केमिस्ट्री माफ झाली, तरी काही मेडिकल स्कूल ते मानत नाहीत. त्याऐवजी वरच्या पातळीचा कोर्स घ्यावा लागतो.

‘आमचे ९० टक्के विद्यार्थी मेडिकलला जातात’ असं एखादं कॉलेज सांगतं, तेव्हा विचारा: पहिल्या वर्षी प्री-मेड किती होते? कमिटी लेटर, म्हणजे कॉलेजच्या समितीचं शिफारसपत्र, किती जणांना नाकारलं? कच्चे विद्यार्थी अर्जाआधीच गाळले, की टक्केवारी आपोआप चढते.

स्वस्त म्हणून परराज्यात जाताना आपलं राज्यही पाहा. सरकारी मेडिकल स्कूल स्वतःच्या रहिवाशांना झुकतं माप देतात. टेक्ससमध्ये तर सरकारी स्कूलमधल्या बाहेरच्यांवर १० टक्क्यांची मर्यादा आहे. दुसऱ्या राज्यात नुसतं शिकायला गेल्याने तिथला रहिवासी दर्जा सहसा मिळत नाही.

एच-४ वरच्या, म्हणजे एच-१बी सारख्या व्हिसावर काम करणाऱ्यांच्या मुलांचं गणितच निराळं. तो दर्जा २१ व्या वर्षी संपतो, म्हणजे बहुधा पदवीच्या मध्यावर. मग एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागतो. फॅफ्सा या अर्जातून मिळणारी केंद्र सरकारची मदत एच-४ आणि एफ-१ दोघांनाही नाही. इन-स्टेट ट्यूशनचा (राज्यातल्या रहिवाशांच्या कमी फीचा) नियम राज्यागणिक बदलतो. बरीच मेडिकल स्कूल फक्त नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांना घेतात, आणि जी इतरांना घेतात त्यांतली काही एक ते चार वर्षांची फी आधीच एस्क्रोमध्ये (राखीव खात्यात) मागतात. एएमसीएएस चालवणाऱ्या एएएमसीच्या ‘एमएसएआर’ या यादीत प्रत्येक एमडी स्कूलचं धोरण असतं. मुलगा अकरावीत असतानाच ते पाहून ठेवा.