छोट्या संस्थांनी मिळून प्रदर्शन करायचंय? मग आधी एवढी तयारी करून ठेवा

आमच्या वाचनालयात एका देशमुख घराण्याच्या सनदा आणि पत्रव्यवहार आहे, तीन रुमाल (जुने कागद बांधून ठेवायची कापडी गाठोडी) भरून. त्याच घराण्याची पालखी आणि समया शेजारच्या तालुक्यातल्या एका छोट्या संग्रहालयात आहेत आणि वाड्याचे जुने फोटो गावातल्याच कलामंडळाच्या कपाटात. म्हणजे गोष्ट एकच पण तिचे तीन तुकडे तीन कुलपांत, आणि पालखी बघायला येणाऱ्याला सनद माहीत नाही, सनद वाचायला येणाऱ्याला पालखी माहीत नाही. हे फक्त आमच्याकडेच आहे असं नाही. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून कागद जमवले, १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं, पण १९२६ मध्ये धुळ्यात त्यांचं निधन झाल्यावर त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तिकडे झालं आणि त्यांच्याजवळचे कागद तिकडेच राहिले. साताऱ्याचे इतिहास संशोधक द. ब. पारसनीस यांचा संग्रह १९३९ मध्ये पुण्याला डेक्कन कॉलेजात गेला. महाराष्ट्रात कुठल्याही जुन्या घराण्याचा, पेठेचा, देवस्थानाचा माग काढायला बसा, दोन-तीन गावं तरी फिरावी लागतात. म्हणून एकत्र यायचं, आणि मला हे मनापासून वाटतं की मोठ्या शहरातल्या मोठ्या म्युझियमपेक्षा आपल्यासारख्या छोट्या संस्थांना याची जास्त गरज आहे. पण नुसत्या उत्साहावर जाऊ नका, आमचं एकदा बिनसलंय, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

सगळ्यात आधी, म्हणजे दुसऱ्या संस्थेला फोन करायच्याही आधी, स्वतःचं ॲक्सेशन रजिस्टर (संग्रहात आलेल्या वस्तूंची नोंदवही) उघडा. बहुतेक छोटे संग्रह एका माणसाच्या वेडातून उभे राहिलेत, त्यामुळे कुठे काय आहे हे त्या माणसाच्या डोक्यात असतं आणि तो माणूस गेला की वस्तू राहते पण तिची माहिती जाते. पुण्याच्या केळकर संग्रहालयाचं बरं झालं की दिनकर केळकरांनी हयातीतच, १९६२ साली, संग्रह राज्य सरकारकडे सोपवला, सगळ्यांचं असं होत नाही. तेव्हा प्रदर्शनात जायची शक्यता असलेल्या वस्तूंपुरतं तरी बसून लिहून काढा: नोंद क्रमांक, काय आहे, मापं, कशाचं बनलंय, कुणाकडून कधी आलं, भेट की उसनं ठेवलेलं, सध्या कुठल्या कपाटात कुठल्या फळीवर. 'भेट की उसनं' हा रकाना अजिबात सोडू नका, कारण आमच्याकडे दोन वस्तू निघाल्या ज्या आम्ही चाळीस वर्षं आपल्या समजत होतो आणि जुन्या पावतीवर चक्क 'सांभाळण्यास दिले' असं लिहिलेलं. जी वस्तू आपली नाही ती आपण दुसऱ्याला कशी देणार? आधी त्या घरच्यांना जाऊन भेटलो, परवानगी लेखी घेतली, त्यांना उलट आनंदच झाला.

यादी कम्प्युटरवर करणार असाल तर सगळ्या संस्थांनी एकच एक्सेल नमुना ठरवा, तेच रकाने, त्याच क्रमाने. सीडॅक या सरकारी संगणक संस्थेच्या पुणे केंद्राने संग्रहालयांसाठी 'जतन' नावाचं सॉफ्टवेअर केलंय, देशातली मोठी संग्रहालयं त्यावर आहेत, पण तीन संस्थांनी सुरुवात एक्सेलनेच करावी असं माझं मत आहे. नाहीतर सॉफ्टवेअर शिकण्यातच वर्ष जातं.

मग पहिली भेट. ती दुसऱ्या संस्थेकडे जाऊन करा, आपल्याकडे बोलावून नको. त्यांची जागा बघा, छत गळतंय का, रात्री कोण असतं, खिडकीतून ऊन कुठपर्यंत येतं. आणि पहिल्याच भेटीत वस्तू मागू नका हो. आधी काहीतरी छोटं एकत्र करा. आमच्याकडे मोडी वाचणारे एक काका आहेत, त्या दुसऱ्या संस्थेकडे चांगला स्कॅनर आहे, तर सहा महिने आम्ही एवढंच केलं की काकांनी त्या संस्थेचे कागद वाचून दिले आणि त्यांनी आमचा एक रुमाल स्कॅन करून दिला. त्यात कोण वेळ पाळतं, कोण फोन उचलतं, कोण कागदाला ओल्या बोटाने हात लावतं, सगळं कळतं.

त्यानंतर ठराव. तोंडी 'घेऊन जा की' कितीही प्रेमाचं असलं तरी चालत नाही, प्रत्येक संस्थेच्या कार्यकारी मंडळाच्या सभेत ठराव व्हायला हवा आणि त्याची सही-शिक्क्याची प्रत एकमेकांना द्यायला हवी, कारण पुढच्या निवडणुकीत मंडळ बदललं की नवीन अध्यक्ष विचारतात की वस्तू कुणाला विचारून बाहेर गेली. सोबत दोन पानांचा साधा करार, मराठीत. वस्तूंची यादी, नेण्याची आणि परतीची तारीख, वाहतूक खर्च कुणाचा, विमा कुणी काढायचा, फोटो काढायला परवानगी आहे का, पत्रिकेवर संस्थांची नावं कुठल्या क्रमाने. हो, नावांचा क्रमसुद्धा लिहा, सगळ्यात जास्त रुसवे त्यावरून होतात, अकारविल्हे लावलं की प्रश्न मिटतो. विम्यावर एक सांगते, विमा फक्त प्रदर्शनाच्या दिवसांचा काढू नका, आपल्या भिंतीवरून वस्तू उतरवल्यापासून ती परत त्याच भिंतीवर चढेपर्यंतचा मागा, कारण मोडतोड होते ती टेम्पोत आणि जिन्यात.

कायद्याचंही बघून घ्या. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांपुढची वस्तू पुरावस्तू धरतात आणि हस्तलिखितांना ही मर्यादा ७५ वर्षं आहे, म्हणजे आपल्या कपाटातलं बरंच काही त्यात येतं. मूर्ती, जुनी चित्रं, सचित्र पोथ्या यांची नोंदणी झालेली असेल तर प्रमाणपत्राची झेरॉक्स वस्तूसोबत ठेवा आणि झाली नसेल तर ते काम आधी. तलवारी, दांडपट्टे वगैरे नेणार असाल तर दोन्हीकडच्या पोलीस स्टेशनला आधी पत्र देऊन पोच घ्या.

आता आमचं कुठे बिनसलं ते. काही वर्षांपूर्वी एका संस्थेला आम्ही फ्रेम केलेला एक जुना फोटो दिला होता, परत आला तेव्हा खालच्या कोपऱ्यात काचेला चिकटलेला आणि बुरशीचा डाग. ते म्हणाले आधीपासून होता, आम्ही म्हणालो नव्हता, आणि दोघांकडेही पुरावा नाही! तीन वर्षं बोलणं बंद. एवढ्या चांगल्या माणसांशी. तेव्हापासून मी कंडिशन रिपोर्टशिवाय टाचणीसुद्धा बाहेर देत नाही. म्हणजे काय तर वस्तू पॅक करण्याआधी दोन्ही संस्थांची माणसं समोर बसतात, मोबाईलने सगळ्या बाजूंनी आणि जिथे तडा, डाग, कसर, झिज आहे तिथून जवळून फोटो काढतात, एका कागदावर वस्तूचं ढोबळ चित्र काढून त्यावर प्रत्येक खोट पेनाने दाखवतात आणि खाली दोघं सह्या करतात. पोचल्यावर पुन्हा तेच, निघताना पुन्हा तेच, परत आल्यावर पुन्हा तेच. चार वेळा. कंटाळा येतो, एका वस्तूला अर्धा तास जातो, तरी करा.

पॅकिंगला वर्तमानपत्र थेट लावू नका, शाई उतरते. मांजरपाट (कोरं जाडसर सुती कापड) आणून दोन-तीनदा धुवून त्याची खळ पूर्ण घालवा आणि त्यात गुंडाळा, बबल रॅप त्याच्या बाहेरून, रंगवलेल्या पृष्ठभागाला तर बबल लागताच कामा नयेत. कागद फाटलाय म्हणून सेलोटेप नको, 'टिकेल' म्हणून लॅमिनेशन तर मुळीच नको. पोथ्यांच्या कपाटात वेखंडाची पुरचुंडी ठेवायची आपली जुनी रीत चांगली आहे पण वाळवी लागलेली वस्तू असेल तर ती दुसऱ्याच्या दारात नेऊच नका, त्यांचा अख्खा संग्रह जाईल.

मांडणीत सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे उजेड. कागद, कापड, जलरंग यांना साधारण ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) पुढे नको असं जगभर मानतात, मोबाईलवरच्या ॲपने अगदी अचूक नाही पण अंदाज येतो. स्पॉटलाइट, फ्लॅश बंद. खिडक्यांना जाड पडदे लावा. आणि मूळ सनद महिनाभर ठेवायचा हट्ट नको, पहिले चार दिवस मूळ ठेवा आणि नंतर उत्तम प्रिंट, तसं स्पष्ट लिहून. लोकांना वाईट वाटत नाही, समजावून सांगितलं की बरोबर कळतं.

स्कॅनिंगचं आधीच ठरवा: कागदाला किमान ३०० डीपीआय (स्कॅन किती बारकाईने करायचं त्याचं माप), फोटोंना ६००, मूळ फाइल टिफमध्ये आणि वापरायला जेपीजी, प्रत दोन्ही संस्थांकडे आणि तिसरी गावाबाहेर कुठेतरी. रुमालातल्या कागदांचा क्रम मोडू नका, तो क्रम हीसुद्धा माहिती असते. आणि कागद आपल्या कपाटात आहे म्हणजे कॉपीराइट आपला असं नसतं, लेखकाच्या मृत्यूनंतर साधारण ६० वर्षं तो वारसांकडे असतो, तेव्हा अलीकडची पत्रं, छापलेली असोत नसोत, वारसांना विचारल्याशिवाय इंटरनेटवर टाकू नका.

पैशांचं थोडक्यात सांगते. एक संस्था खजिनदार, सगळी बिलं तिच्या नावाने, आणि हिशोब प्रदर्शन संपल्यावर पंधरा दिवसांत सगळ्यांना.

पावसाळ्याचं मात्र थांबून वाचा. २२ जुलै २०२१ ला चिपळूणात पाणी भरलं तेव्हा १८६४ पासूनचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरही त्यात सापडलं, तिथल्या पुस्तकांचे फोटो बघून मला रात्री झोप आली नव्हती. ओल्या कागदाला साधारण ४८ तासांत बुरशी धरते आणि एवढ्या वेळात एकट्या छोट्या संस्थेकडून काही होत नाही, हात कमी पडतात. म्हणून करारातच एक परिच्छेद घाला की कुणाकडे पाणी, आग, काही झालं तर बाकीच्या संस्था माणसं पाठवतील. प्रत्येक संस्थेत एका पेटीत टीपकागद, जुनी सुती धोतरं, प्लास्टिक पिशव्या, हातमोजे, टॉर्च भरून ठेवा. भिजलेली पुस्तकं उन्हात टाकू नका, पंख्याखाली सावलीत, आणि फारच असतील तर पिशव्यांत बांधून गोठवायची, म्हणजे वेळ मिळतो, नंतर थोडी थोडी काढून वाळवता येतात. त्यासाठी जवळच्या कोल्ड स्टोरेजवाल्याशी मे महिन्यातच बोलून ठेवा, कोकणात तर मासळीवाल्यांची सोय असतेच. काचेच्या निगेटिव्ह मात्र गोठवायच्या नाहीत. आणि फोन नंबरांचा कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवा, मोबाईलमध्ये असून उपयोग नाही, त्या दिवशी चार्जिंग नसतं.

तारीख ठरवताना १८ मे, म्हणजे आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन, छान वाटतो पण आपल्याकडे सुट्ट्या, लग्नं आणि ऊन, शाळेची मुलं मिळत नाहीत. आम्ही डिसेंबर धरला. हवा कोरडी, गॅदरिंगच्या आधीचे दोन आठवडे शाळा येतात, आणि नववीतल्या मुलांनाच माहिती सांगायला उभं केलं तर त्यांचे आईवडीलही येतात.

शेवटचा दिवस समारोपाचा नाही, परतीचा धरा, आणि त्यासाठी वेगळी दोन माणसं राखून ठेवा कारण समारोपानंतर सगळे दमलेले असतात आणि घाईत बांधाबांध होते. वस्तू घरी पोचली की रिपोर्ट जुळवा, सही घ्या, पावती फाइलला लावा. मग ॲक्सेशन रजिस्टर पुन्हा काढायचं. आम्ही आमच्या सनदेसमोर शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं की या घराण्याची पालखी कुठल्या संग्रहालयात, कुठल्या नोंद क्रमांकाने आहे, आणि त्यांनी त्यांच्या पालखीसमोर आमच्या तीन रुमालांचे क्रमांक लिहिले, कलामंडळाने फोटोंच्या पाकिटावर दोन्ही. हे तुम्हीही त्याच दिवशी लिहा, शाईच्या पेनाने.