जर्मनीत राहायचं तर कागदांचं आधीच बघा

सध्या जालना, परभणी, नांदेडकडची पोरं मास्टर्ससाठी जर्मनीचं विचारायलेत आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, व्हिसा कधी मिळंल. मी म्हणतो त्याच्या आधी तुमचं नाव बघा. बोर्डाच्या सनदेवर आडनाव पहिलं, पासपोर्टवर शेवटी, आधारवर वडिलांच्या नावाला राव लागलेला आणि विद्यापीठाच्या मार्कमेमोवर तिसरंच स्पेलिंग. आपल्याकडं चालून जातं, व्हिसाच्या ऑफिसातला माणूस मात्र दोन्ही कागद शेजारी ठेवून एकेक अक्षर बघतो. दुरुस्त होण्यासारखं असंल ते गावात असतानाच करून घ्या, नाहीतर निदान नोटरीचं अ‍ॅफिडेव्हिट. जन्मठिकाण एका कागदावर औरंगाबाद अन् दुसऱ्यावर छत्रपती संभाजीनगर असंल तर २०२३ च्या अधिसूचनेची प्रत फाईलला लावून ठेवा, फुकटचं काम आहे.

नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस सर्टिफिकेट लागतं, म्हणजे तुमची डिग्री खरी आहे का त्याची तपासणी, फी १८ हजार. ॲडमिशनची वाट बघत बसू नका, हे आधी टाका. मग ब्लॉक्ड अकाउंट, म्हणजे तिथल्या खर्चाचा पैसा आधीच अडकवून ठेवायचं खातं, वर्षाचे ११,९०४ युरो, त्यातून महिन्याला ९९२ सुटतात. दहा एकराचा सातबारा दाखवून तिथं भागत नाही, पैसा खरोखर खात्यात पडावा लागतो, त्यामुळं लोन काढणार असाल तर रक्कम थेट त्या खात्यात जाईल का हे बँकेत आधीच विचारा. आणि व्हिसासाठी मुंबईची अपॉइंटमेंट असली की आदल्या रातची देवगिरी एक्स्प्रेस पकडायची तर ती लेट होणार हे धरूनच चला, जमलं तर एक दिवस आधीच जा.

आता खरी गोष्ट. व्हिसा म्हणजे फक्त आत जायची परवानगी, राहायचं कार्ड तिथं गेल्यावर काढावं लागतं. खोलीत राहायला गेलं की दोन आठवड्यांत पत्त्याची नोंद करायची, तिला अनमेल्डुंग म्हणतात, आणि त्यासाठी घरमालकाच्या सहीचा फॉर्म लागतो. तो द्यायला जो मालक काचकूच करतो त्याची खोली स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका, पुढचं सगळं तिथंच अडतं.

हे कार्ड देणाऱ्या, परदेशी नागरिकांच्या ऑफिसची अपॉइंटमेंट मोठ्या शहरात लवकर मिळत नाही. पण व्हिसाची किंवा कार्डाची मुदत संपायच्या आत अर्ज गेला असला तर निकाल लागेपर्यंत जुना हक्क चालू राहतो आणि तसा तात्पुरता कागदही देतात. म्हणून अर्ज केल्याचा ईमेल, पोचपावती सगळं जपून ठेवा. हा कागद घेऊन भावाच्या लग्नाला गावी यायचं असंल तर त्यावर कोणतं कलम टिक केलंय ते बघा, तिथल्या निवास कायद्याच्या कलम ८१ चं पोटकलम ४ असंल तर परत जर्मनीत जाता येतं, ३ असंल तर अडकाल. एजंट लोक हे सांगत नाहीत, त्यांचं काम तुम्ही विमानात बसला की संपतं.

काम वर्षात १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस करता येतं, ओळखीचा हॉटेलवाला रोख देतो म्हणला तरी त्या दिवसांच्या पुढं जाऊ नका. शिक्षण संपल्यावर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात.

आणि सहा महिन्यांपेक्षा जास्त जर्मनीच्या बाहेर राहिलं की कार्ड रद्द होतं, वरची तारीख काही का असंना. घरी आजारपण निघालं, जास्त थांबावं लागणार असं वाटलं तर मुदत वाढवून मागता येते, पण ती सहा महिने भरायच्या आत, आणि लेखी.