राज्यघटना वाचायची तर मागून वाचा

राज्यघटना हातात आली की बहुतेकजण उद्देशिकेपासून सुरुवात करतात. मी ती सगळ्यात शेवटी वाचतो. उद्देशिकेत कुठलंच सरकार वाईट बोलत नाही.

पेन्सिल घ्या आणि आधी घटनादुरुस्तीचं कलम शोधा, ते बहुधा शेवटाकडे असतं. साध्या बहुमताने घटना बदलता येत असेल, तर बाकीची बंधनं सत्ताधाऱ्यांच्या मर्जीवर टिकून आहेत असं समजा. जर्मनीच्या १९४९ च्या घटनेत उलट टोक दिसतं. तिथल्या ७९व्या कलमाने मानवी प्रतिष्ठेसारखी काही तत्त्वं दुरुस्तीच्या कक्षेबाहेरच ठेवली आहेत.

मग आणीबाणीकडे वळा. इथे घाई नको. ती कोण लादतो, किती दिवस चालते आणि मागे घ्यायला कोण लावू शकतो, एवढं समासात टिपा. उत्तर एका कलमात मिळालं म्हणून थांबू नका. माझी तिथेच फसगत झाली होती. जर्मनीच्याच १९१९ च्या वायमार घटनेचं ४८वं कलम वाचून मला हायसं वाटलं होतं. राष्ट्राध्यक्षाने आणीबाणीचा आदेश काढला तरी संसदेने सांगितलं की तो मागे घ्यावा लागे. लगाम आहे की! पण २५वं कलम त्याच राष्ट्राध्यक्षाला संसद बरखास्त करू देत होतं. जुलै १९३० मध्ये संसदेने आदेश मागे घ्यायला सांगितलं, तर राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांनी संसदच बरखास्त केली आणि काही दिवसांत नवा आदेश काढला. तेव्हापासून एका कलमाशेजारी दुसऱ्याचा आकडा लिहायची सवय लागली.

पैशाचं कलम कंटाळवाणं वाटतं, पण टाळू नका. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष सरसेनापती असला, तरी सैन्यासाठी पैसा काँग्रेसच मंजूर करते, तोही एका वेळी २ वर्षांपेक्षा जास्त काळासाठी नाही.

हक्कांचं प्रकरण आता उघडा. हक्कांची यादी नुसती लांब असून भागत नाही. सोव्हिएत संघाच्या १९३६ च्या घटनेत भाषणस्वातंत्र्य होतं, पण ‘श्रमिकांच्या हिताला अनुसरून’. ते हित ठरवणार कोण? असे शब्द दिसले की खाली रेघ मारा. हक्क मोडला तर दार कुणाचं ठोठवायचं, तेही शोधा. भारताच्या घटनेत ३२व्या कलमाने सर्वोच्च न्यायालयात जाणं हाच मूलभूत हक्क केला आहे.

एवढं झाल्यावर उद्देशिका वाचायला हरकत नाही.